पुण्यातल्या सेमिनरी कशा वाढल्या, आणि तुमच्या अकरा विद्यार्थ्यांचं काय करायचं

प्रश्न श्रीरामपूर तालुक्यातल्या एका तरुण पाळकांचा आहे. थोडक्यात असा : “आमच्या चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत तीन वर्षांपासून ख्रिस्ती नेतृत्व प्रशिक्षणाचा वर्ग चालतो. अकरा विद्यार्थी आहेत. कमिटीचं म्हणणं पडलं की आता याची रीतसर सेमिनरी करावी. पुण्यातल्या सेमिनरी कशा सुरू झाल्या, कशा वाढल्या? आम्हाला किती वर्षं लागतील? आधी जागा घ्यावी की आधी मान्यता?”

पाळकसाहेब, सलाम.

पुण्यात सेमिनरीच्या, म्हणजे ख्रिस्ती पाळक घडवणाऱ्या शाळेच्या, कामात माझी तेहतीस वर्षं गेली. आधी वर्गात नवा करार शिकवला, नंतर रजिस्ट्रारच्या खुर्चीत बसून गुणपत्रिका आणि भांडणं सांभाळली. आता निवृत्त आहे आणि तुमच्यासारखे लहान वर्ग बघत फिरतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. जागा नको, मान्यताही नको. आधी एक नोंदवही घ्या. कसली, ते ओघात येईलच.

पुण्याकडे बघून तुमची कमिटी भारावली आहे, ते मी समजू शकतो. पण एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला. पुण्यातल्या ज्या तीन मोठ्या संस्थांची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात, त्यांतली एकही पुण्यात जन्मलेली नाही. तिन्ही बिऱ्हाड घेऊन आल्या. एक कँडीहून, एक बंगलोरहून, एक यवतमाळहून.

तुम्ही नगरहून एसटीने येता तेव्हा विमाननगर मागे पडलं की रामवाडी लागते. २०२४ साली तिथे मेट्रोचं स्टेशन झालं, त्यामुळे आता सगळ्या पुण्याला रामवाडी माहीत झाली. आमच्यासाठी मात्र रामवाडी म्हणजे पेपल सेमिनरी. ही कॅथलिक सेमिनरी पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली सुरू केली, तीही श्रीलंकेत, कँडीला. तेव्हा पोपचे पूर्वेकडचे प्रतिनिधी झालेस्की तिथेच राहत. सेमिनरी चालवायला दिली बेल्जियमच्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या फादरांकडे. तिचं ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे. मराठीत सांगायचं तर : हे भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील. गंमत बघा, भारताचे पुत्र घडवायचे आणि त्यासाठी त्यांना समुद्र ओलांडून न्यायचं! पुढे दोन्ही देश स्वतंत्र झाले, जाण्यायेण्याला परवाने आले, आणि १९५५ साली सेमिनरी पुण्यात आणली. तोवर तिला बासष्ट वर्षं झाली होती. पदव्या देण्याचा अधिकार तिथल्या विद्यापीठाला रोमकडून १९२६ साली मिळाला, म्हणजे स्थापनेनंतर तेहतीस वर्षांनी. हे आकडे लक्षात ठेवा, “किती वर्षं लागतील” याचं उत्तर त्यांत आहे.

पुण्यात आल्यावर ही संस्था बदलली, आणि ती कशी बदलली हे मला तिच्या इमारतींपेक्षा महत्त्वाचं वाटतं. तिच्या विद्यापीठाचं आजचं नाव ज्ञानदीप. शेजारी जेझुइटांचं डी नोबिली कॉलेज. सतराव्या शतकात मदुराईला भगवी वस्त्रं नेसून, तमिळ आणि संस्कृत शिकून राहिलेल्या रॉबर्टो द नोबिली यांच्या नावाचं. पुण्यात भांडारकर संस्था होती, डेक्कन कॉलेज होतं, नवं विद्यापीठ उभं राहत होतं, संस्कृतचे पंडित पेठांत सायकलवरून फिरत होते. रिचर्ड द स्मेट नावाचे बेल्जियन फादर इथे शिकवत. रोमला त्यांनी डॉक्टरेट केली ती शंकराचार्यांच्या विचारपद्धतीवर. पुण्यात ते इतके मुरले की मराठी तत्त्वज्ञान महाकोशासाठीही त्यांनी नोंदी लिहिल्या. जेझुइटांपैकीच माथ्यू लेडरले या जर्मन फादरांनी पेठेत स्नेहसदन काढलं. तिथे ख्रिस्ती आणि हिंदू माणसं एका सतरंजीवर बसून बोलत. हे सगळं कँडीच्या डोंगरावर बसून झालं नसतं. जागा बदलली की संस्थेचे प्रश्नही बदलतात, ते असे.

बंगलोरहून आली ती स्पायसर. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची. १९१५ साली कोइमतूरला लहान प्रशिक्षण शाळा म्हणून निघाली, लवकरच बंगलोरला गेली आणि १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, पुण्याला औंध रोडवर आली. पुणेकरांना ती पावासाठी ठाऊक आहे, धर्मशिक्षण बिक्षण नंतर. २०१४ साली महाराष्ट्राच्या कायद्याने तिचं विद्यापीठ झालं. कोइमतूरच्या शाळेपासून विद्यापीठापर्यंत नव्याण्णव वर्षं.

तिसरी युनियन बिब्लिकल सेमिनरी. प्रोटेस्टंट, सुवार्तावादी, म्हणजे येशूची सुवार्ता लोकांपर्यंत नेण्यावर भर देणारी. तुमच्या कमिटीच्या डोळ्यांसमोर बहुधा हीच आहे. १९५१ साली इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया स्थापन झाली आणि दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये, वेगवेगळ्या मिशनांनी मिळून यवतमाळला ही सेमिनरी काढली. एकट्या मिशनला पेलणार नाही असं काम चौघांनी मिळून करायचं, हे नावातल्या ‘युनियन’चं मूळ. त्या काळातल्या मिशनांचे आपसांतले रुसवेफुगवे ज्यांनी पाहिलेत त्यांना कळेल की सेमिनरी काढण्याहून एकत्र बसणं अवघड होतं.

पण यवतमाळ. शकुंतला एक्स्प्रेस नावाची छोट्या रुळांची गाडी मूर्तिजापूरहून डुलत डुलत यवतमाळला यायची. मोठ्या गाडीने यायचं तर धामणगावला उतरून पुढे एसटी. केरळचा किंवा नागालँडचा पोरगा तीन-चार दिवस गाड्या बदलत यायचा, आणि विदर्भातलं ऊन पाहून पहिल्या आठवड्यात घरी पत्र टाकायचा. तिथले जुने विद्यार्थी भेटले की अजून दोनच गोष्टी सांगतात : ऊन आणि प्रार्थना. साफिर अथियाल हे सेमिनरीचे पहिले भारतीय प्राचार्य. परदेशी मिशनऱ्यांकडून कारभार भारतीय माणसाच्या हातात येणं, हा माझ्या मते त्या संस्थेचा खरा वाढदिवस. तीस वर्षं यवतमाळला काढून १९८३ साली सेमिनरी पुण्यात बिबवेवाडीला आली. तेव्हा बिबवेवाडी म्हणजे शहराची कड. रिक्षावाला स्वारगेटच्या पुढे यायला कुरकुरायचा. आता तिथे वाहनांच्या गर्दीतून रस्ता ओलांडायचा म्हणजे प्रार्थनेची पहिली परीक्षा.

पुण्यात येऊन सेमिनरीचं भलं झालं का? झालं. चांगले अध्यापक मिळाले, त्यांच्या मुलांना शाळा मिळाल्या, विद्यार्थ्यांना रविवारच्या सेवेसाठी कॅम्पपासून झोपडपट्टीपर्यंत सगळ्या तऱ्हेच्या चर्चच्या मंडळ्या मिळाल्या. पण यवतमाळचं काय झालं, हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. तीस वर्षं ज्या गावात देशभरातले दीडदोनशे शिकलेले तरुण दर रविवारी आसपासच्या खेड्यांत जात होते, ते थांबलं. मी पुण्याचा माणूस, मला पुण्याचा फायदाच झाला. तरी विदर्भातला एखादा जुना पाळक भेटला की मी या विषयावर तोंड उघडत नाही.

आता तुम्ही नगर जिल्ह्यातले, म्हणून एक घरची गोष्ट. सेमिनरी बघायला तुम्ही पुण्याकडे डोळे लावून बसलात, पण मराठी पाळक घडवण्याची जुनी जागा तुमच्याच जिल्ह्यात होती. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं. १८४२ साली तिथूनच ज्ञानोदय हे नियतकालिक निघालं. रॉबर्ट ह्यूम यांनी नगरला धर्मशिक्षणाची सेमिनरी चालवली, आणि रेव्हरंड ना. वा. टिळक तिथे शिकवत. हो, तेच आपले फुलामुलांचे कवी. १८९५ साली बाप्तिस्मा झाला आणि मग नगर. त्यांनी भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं, कारण परदेशी चालींवर मराठी माणसाची मान डोलत नाही हे त्यांना कळलं होतं. शेवटी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. संस्थेबाहेर, बिनपगारी. दोन वर्षांनी ते गेले. त्या दरबाराची इमारत शोधायला गेलात तर काही सापडणार नाही, पण टिळकांची पदं तुमची मंडळी दर रविवारी म्हणते.

तसंच पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला कुणी सेमिनरी म्हणत नाही. पण तिथे विधवा आणि दुष्काळात पोरक्या झालेल्या मुली वाचायला शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या आणि टोळ्या करून गावोगाव सुवार्ता सांगायला गेल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं पवित्र शास्त्राचं भाषांतर याच बायकांच्या हातांनी जुळवलं आणि छापलं गेलं. नेतृत्व प्रशिक्षण म्हणजे याहून वेगळं काय असतं, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. तुमच्या अकरांत बायका किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पुढच्या पत्रात लिहा.

‘सेमिनरी’ या शब्दाबद्दल थोडं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ रोपवाटिका. १५६३ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने ठराव केला की प्रत्येक बिशपने आपल्या धर्मप्रांतात मुलांसाठी असा एक वाफा करावा, कारण तोवर पुष्कळ पाळकांना धड लॅटिनही वाचता येत नव्हतं. तुमच्याकडे कांद्याचं रोप टाकतात ना, तेच. माझं आजोळ मुळशीतलं, तिथे भाताचा तरवा असतो. जूनमध्ये तरवा इतका हिरवागार असतो की तेच पीक वाटावं. पण ते पीक नसतं. उपटून, जुड्या बांधून, चिखलात लावल्यावर जे जगेल ते पीक. वाफ्यात जास्त दिवस राहिलेलं रोप म्हातारं होतं, मग लावलं तरी फुटवे धरत नाही. आजोबा म्हणायचे, तरवा बघून खूश होतो तो पाहुणा.

आणि आता नोंदवहीची गोष्ट. यात चूक माझी आहे.

मी रजिस्ट्रार असताना मान्यतेच्या फेरतपासणीला पाहुणे येणार होते. आम्ही दोन महिने राबलो. भिंतींना रंग, संडासांना नव्या कड्या, ग्रंथालयाची दाखल नोंदवही पहिल्या पुस्तकापासून शेवटच्या पुस्तकापर्यंत अद्ययावत. परदेशातून देणगी म्हणून आलेली अर्धी पेटी जुन्या संडेस्कूलच्या मासिकांची होती, ती मोजणीत धरायची की नाही यावर ग्रंथपाल आणि माझं भांडणसुद्धा झालं. पाहुण्यांनी सगळं बघितलं, माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ बशीत चहा ओतत मला म्हणाले, “दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेली तुमची बॅच आज कुठे आहे?”

माझ्याकडे त्या बॅचचे हिब्रूचे गुण होते. कुणाची फी थकली होती ते होतं. कुणाची मेसची अनामत परत केली नाही तेही होतं. माणूस कुठे आहे, ते नव्हतं.

त्या रात्री मी आणि आमचा क्लार्क अकरा वाजेपर्यंत फोन फिरवत बसलो. चौदांपैकी दहांचा पत्ता लागला. चौघं पुढच्या पदव्या करत होते, म्हणजे अजून वाफ्यातच. तिघं शहरांतल्या संस्थांच्या कचेऱ्यांत. एक शाळेत शिक्षक. मराठी खेड्यातल्या मंडळीत पाळकाचं काम करणारे दोघंच निघाले, आणि त्यांतल्या एकाला मी स्वतः ग्रीकमध्ये दोनदा नापास केलं होतं. सकाळी तो कागद त्या गृहस्थांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, घडी करून खिशात घातला. अहवालात त्याबद्दल एक ओळही आली नाही. मान्यता मिळाली. मला मात्र अहवालात ती ओळ असती तर बरं वाटलं असतं.

असा हिशेब मांडणारे आम्ही पहिले नव्हतो. ग्वाटेमालातल्या प्रेसबिटेरियन सेमिनरीने १९६२ च्या सुमारास पंचवीस वर्षांची यादी तपासली. दोनशेहून अधिक विद्यार्थी येऊन गेले होते आणि पाळक म्हणून काम करत होते ते जेमतेम दहा. खेड्यातला मुलगा राजधानीत शिकला की परत जात नव्हता. त्यांनी काय केलं, तर सेमिनरीच राजधानीतून उचलून ग्रामीण भागात नेली, आणि तरीही जमेना म्हणून १९६३ पासून शिक्षकच आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांच्या गावी जायला लागले. विद्यार्थी शेती, नोकरी, मंडळी सांभाळून घरी धडे करायचे. यालाच पुढे विस्तारित धर्मशिक्षण, टीईई, म्हणू लागले. भारतात त्यासाठी १९७१ मध्ये बंगलोरला ताफ्टी ही संस्था निघाली. १९७४ साली लोझानला जगभरच्या सुवार्तावाद्यांची परिषद झाली. तिथल्या करारनाम्यात शिक्षण आणि नेतृत्व यावर स्वतंत्र परिच्छेद आहे, आणि स्थानिक पुढारी तयार करण्यात काही मिशनांनी फार दिरंगाई केली अशी कबुलीही आहे. आपल्याकडे जो तो ‘लीडरशिप’ म्हणू लागला तो साधारण त्यानंतर. पूर्वी पाळक घडवायचे, मग लीडर घडवायला लागले. पाळकाला मेंढरं लागतात, लीडरला कॉन्फरन्स लागते. माझा हा टोमणा जुना आहे, विद्यार्थी ऐकून कंटाळलेत.

म्हणून सांगतो, तुमचा शनिवार-रविवारचा वर्ग, त्यात ऊसतोड मुकादमाचा मुलगा, आशाताई, रिक्षावाला असे अकरा जण, ही सेमिनरीच्या आधीची पायरी आहे असं समजून तिची लाज बाळगू नका. जग फिरून त्याच पायरीवर आलं.

भाषेचं बोलू. पुण्यातल्या मोठ्या सेमिनरींत शिकवण्याची भाषा इंग्रजी. दुसरं होणार कसं? एका बाकावर मिझोरामचा, दुसऱ्यावर ओडिशाचा, तिसऱ्यावर केरळचा. त्यात आपला मराठी मुलगा पहिली दोन वर्षं कोशाची पानं उलटण्यात घालवतो.

एकदा प्रवचनशास्त्राच्या तासाला नेवाशाकडचा एक विद्यार्थी उभा राहिला. योहान, दहावा अध्याय. मेंढरांचं दार मी आहे. त्याने इंग्रजीत वीस मिनिटं सांगितलं, तीन मुद्दे, प्रत्येक मुद्दा एकाच अक्षराने सुरू होणारा. ठीक होतं. मी म्हटलं, आता हेच तुझ्या आजीला सांगतोयस असं समजून मराठीत सांग. तो गडबडला. मग म्हणाला, “सर, आमच्या रानात दिवाळीनंतर धनगर मेंढरं बसवतात. खतासाठी. रात्री चहूबाजूंनी वाघूर लावतात, जाळीचं. त्याला दार नसतं. एक बाजू उघडी ठेवतात आणि तिथे मेंढका स्वतः घोंगडी टाकून आडवा झोपतो. लांडगा आला तर त्याच्या अंगावरून आत जाणार, मेंढरू बाहेर पडलं तर त्याच्या अंगावरून बाहेर येणार.” वर्ग शांत झाला. तो पुढे बोललाच नाही, बसला. मिझोरामच्या मुलाने शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणाला? त्याला भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्याने वही काढून लिहून घेतलं. त्या विद्यार्थ्याच्या इंग्रजी प्रवचनात वाघूर कुठेच नव्हतं. चार वर्षांत आम्ही ते त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

तुमचा वर्ग मराठीत आहे, तो मराठीतच ठेवा. इंग्रजी जरूर शिकवा, वाचण्यापुरतं. बंगालातल्या सेरामपूरच्या विल्यम केरी या मिशनऱ्याने मराठीचं व्याकरण १८०५ साली छापलं आणि नवा करार १८११ साली. बंगालात बसलेल्या इंग्रज माणसाला मराठीची गरज कळली होती.

सेरामपूर निघालंच आहे तर मान्यतेचं उरकतो. आपल्याकडे ठळक वाटा दोन. एक सेरामपूरच्या सिनेटशी, म्हणजे तिथल्या कॉलेजच्या धर्मशिक्षणाच्या पदव्या देणाऱ्या मंडळाशी, संलग्न होण्याची. ते कॉलेज १८१८ चं. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद देऊन पदवीचा अधिकार दिला, कारण गाव तेव्हा डॅनिश ताब्यात होतं. १९१८ मध्ये बंगालच्या कायद्याने त्याची आजची घडी बसली. पण धर्मशिक्षणाची बीडी ही पदवी पहिल्यांदा दिली गेली १९१५ साली. सनद मिळाल्यापासून अठ्ठ्याऐंशी वर्षांनी! तुमची कमिटी तीन वर्षांत घाई करते आहे, त्यांना हे वाचून दाखवा. दुसरी वाट एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची, १९७० पासूनची. तिच्याकडे सुवार्तावादी संस्थांचा ओढा जास्त. दोन्हीकडे विचारतात ते साधारण एकच : शिकवणारे स्वतः किती शिकलेले, पूर्णवेळ किती, ग्रंथालय कसं, प्रवेशाची अट काय, हिशेब तपासलेले आहेत का. तुमच्याकडे आज यातलं काहीच नाही, आणि सध्या नसलं तरी बिघडत नाही. ज्याला बीडी करायचंय त्याला पुण्याला पाठवा. पदवीनंतर चार वर्षं लागतात. मात्र पाठवताना मंडळीशी लेखी ठरवा की तो परत कुठे येणार. तोंडी ठरलेलं दुसऱ्या वर्षी विसरतं.

जागेबद्दल माझं मत कडक आहे. जमीन घेऊ नका. मी बघितलेला एक वर्ग, नाव सांगत नाही, परदेशी मित्रांच्या भरवशावर तीन मजली इमारत बांधून बसला. वसतिगृहात लोखंडी कॉट आल्या, गाद्यांवरचं प्लास्टिक निघायच्या आत पैसा आटला. परदेशी देणगीचा कायदा १९७६ पासून आहे, २०१० मध्ये नवा झाला, आणि २०२० च्या दुरुस्तीने त्याचे नियम आणखी आवळले. एका संस्थेने आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. ज्या लहान वर्गांना मोठ्या संस्थेच्या खात्यातून पैसे यायचे, ते एका वर्षात उघडे पडले. त्या इमारतीच्या तळमजल्यावर आता वॉचमनचं कुटुंब राहतं. कॉट अजून वर आहेत.

पैसा बाहेरून येऊच नये असं मी म्हणत नाही. १९५८ साली थिऑलॉजिकल एज्युकेशन फंड निघाला, चाळीस लाख डॉलरचा, आणि आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी सेमिनरींची ग्रंथालयं त्यावर उभी राहिली. पुस्तकात गेलेला पैसा टिकतो. तुमच्याकडे आज पुस्तकं किती आहेत? शंभर चांगली मराठी-इंग्रजी पुस्तकं, दोन कोश, एक संदर्भसूची आणि कुलूप लागणारं एक कपाट, एवढ्यावर पाच वर्षं निघतील. कपाटाची किल्ली मात्र विद्यार्थ्याकडे द्या, खजिनदाराकडे नको.

एक करा : ट्रस्टची कागदपत्रं नीट करा. चर्चच्या ट्रस्टखाली वर्ग चालवताय की वेगळा ट्रस्ट करणार, ते आत्ता ठरवा. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आपल्या मंडळ्यांमध्ये विश्वस्त मरतात, गाव सोडतात, रुसतात, आणि अर्ज कुणीच देत नाही. मग वीस वर्षांनी दोन गट कोर्टात उभे राहतात आणि दोघांकडेही कागद नसतो. सेमिनरी बंद पडायचं कारण धर्मशास्त्रातला मतभेद हे मी एकदाच पाहिलंय. राहून गेलेले बदल अर्ज पुष्कळदा पाहिलेत.

तर आता नोंदवही. अप्पा बळवंत चौकात दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची मिळते, पण श्रीरामपुरातही मिळेल. डावीकडे विद्यार्थ्याचं नाव, गाव, मंडळी, काय काम करतो. उजवं पान पूर्ण कोरं. दर वर्षी नाताळच्या आधी प्रत्येकाला फोन करायचा आणि उजव्या पानावर एक ओळ लिहायची : आज कुठे आहे, काय करतो. सोडून गेला असेल तर तेही, नुसतं ‘गेला’ असं नको, कशामुळे गेला ते. पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्यांची नावं घाला, वर्ग अर्धवट सोडलेल्यांचीसुद्धा. दहा वर्षांनी कुणी मान्यता द्यायला आलंच, तर आधी ही वही टेबलावर ठेवा.

बाकीचे प्रश्न समोरासमोर बोलू. जानेवारीत तुमच्याकडे लग्नाला येणं आहे. शनिवारी दुपारी वर्गात येऊन बसेन. ओळख, शाल, नारळ काही नको, मागच्या बाकावर जागा ठेवा. आणि त्या दिवशी तुम्ही शिकवू नका. अकरांपैकी जो सगळ्यात कमी बोलतो त्याला उभं करा.